खळ्यावरचा साउंड

साउंडवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्टेज किती बाय किती? मी फोनवर तोच विचारला. पलीकडचा पोरगा म्हणाला, "दादा, स्टेज नाय. खळ्यावर करायचाय." पैसे वाचवत असतील, असं म्हणून मी तारीख लिहून घेतली.

माझा धंदा मनोरला. हळदी, लग्नं, भंडारे, क्रिकेटच्या टुर्नामेंटची कॉमेंट्री, जे येईल ते करतो. आणि ९ ऑगस्ट. बाहेरच्यांना कल्पना नसेल, पण पालघर जिल्ह्यातल्या साउंडवाल्याला पावसाळ्यात जो एक दिवस तारून नेतो तो जागतिक आदिवासी दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९४ मध्ये जाहीर केला. तारीख घेतली १९८२ मधली. त्या दिवशी जिनिव्हात त्यांच्या मूळनिवासींसाठीच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. जिनिव्हात ऑगस्टात हवा छान असेल. आमच्याकडे भाताची आवणी नुकती उरकलेली, पाऊस धो धो, आणि पिकअपवर ताडपत्री बांधून मी रॅलीच्या पुढे डीजे वाजवत चाललेला. गाणी तारप्याचीच, वारल्यांच्या भोपळ्याच्या फुंकवाद्याची, असतात. तारपा तेवढा कीबोर्डवरचा असतो.

तर हे मंडळ विक्रमगडच्या पुढच्या एका पाड्यावरचं. निम्मी पोरं बोईसरच्या कंपन्यांत कामाला, दोघंतिघं भरतीची वाट बघणारे, एक अंगणवाडीताई, आणि सगळ्यांच्या डोक्यावर चार म्हातारे. ९ ऑगस्टची रॅली त्यांनी केलीच होती. पण आपलं वाजवणं-गाणं डीजेशिवाय, आपल्याच लोकांनी रात्रभर बसून ऐकावं, असं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. वारल्यांचा तारपा आणि ढोल, कोकणा आदिवासींची पावरी, थाळीवरची कथा, धवलेरींची गाणी. आजूबाजूचे पाडे येतील, मुंबई-नाशिककडचे थोडे पाहुणे येतील. हे ऑगस्टातच का नको, असं मी विचारलं, तर म्हाताऱ्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. तारपा भाताबरोबरचा. शेतात भात पिवळं व्हायला लागलं की तो बाहेर निघतो, कापणी-झोडणीच्या रात्री त्याच्या. चिखलात त्याचं काय काम? म्हणून तारीख धरली झोडणी उरकल्यावरची, थंडीतली.

पहिल्याच बैठकीत मी कोटेशन ठेवलं. चार टॉप स्पीकर, चार बेस, मोठा मिक्सर, जनरेटर, लाइटचं ट्रस, मिळून पस्तीस हजार. अंगणवाडीताईने तो कागद मंडळाच्या खर्चाच्या कागदाशेजारी ठेवला आणि दुसऱ्या कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे कलाकारांपुढे लिहिलं होतं, 'गाडीभाडे व जेवण'. ती म्हणाली, "म्हंजे वाजवनाऱ्याला जेवान, आन् त्याचा आवाज मोठा करनाऱ्याला पस्तीस हजार?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती ओळ मी लिहिली नव्हती, पण अशा वेळी ते बोलण्यात काही अर्थ नसतो. बेस गेले, ट्रस गेलं, मोठा मिक्सर गेला. मी बारा हजारांवर आलो आणि उरलेल्या पैशातून प्रत्येक पार्टीला मानधन लागलं. रोख, आणि वाजवायच्या आधी हातात. हा नियमही ताईचाच. एका महोत्सवाचं मानधन वर्ष उलटून गेलं तरी न मिळालेले दोघं त्याच बैठकीत बसले होते, त्यामुळे नियमाला कोणी विरोध केला नाही.

माइक कुठला लावायचा ते वाद्य बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी एकदा तारपावाल्या बाबांच्या घरी गेलो. तारपा कुडाच्या भिंतीला वर, धुराने काळ्या झालेल्या वाशाजवळ आडवा टांगलेला होता. त्यांनी तो उतरवून मांडीवर घेतला तर माझ्या उंचीएवढा भरला. मधे वाळवून पोकळ केलेला भोपळा, त्याला फुंकायचं तोंड; भोपळ्यातून निघालेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्यांच्या आत बांबूच्याच पातळ जिभा; आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळत गुंडाळत रुंद करत नेलेला कर्णा. सगळे सांधे मधमाशीच्या मेणाने बुजवलेले. बाबांनी भोपळ्याच्या गळ्याशी कान नेला, फुंकलं, नाक मुरडलं. हवा सुटत होती. चुलीजवळून मेणाचा खडा आणला, अंगठ्याने मऊ केला, सांध्यावर दाबून फिरवला, परत फुंकलं. मग एक जीभ बाहेर काढली, ओठांत धरून ओली केली, वाजवून बघितली, नखाने किंचित खरवडली, परत ओली केली. असं बराच वेळ चाललं होतं. चहा दोनदा झाला. मी काही बोललो नाही, कारण मीही लग्नात नवरा मांडवात येईपर्यंत हॅलो चेक, हॅलो चेक करतच असतो.

मग त्यांनी वाजवायला घेतलं. माझ्या पॅडवर जो तारपा आहे तो चार सेकंदांचा तुकडा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. लग्नात नाचणाऱ्याला ते कळत नाही, कळायचं कारणही नाही. बाबांचा आवाज मात्र तुटतच नव्हता. गाल फुगलेले, गालातली हवा भोपळ्यात जात असतानाच नाकाने नवा श्वास आत. सुरांच्या खाली एक जाड घोंघाट सतत चालू, आणि त्यावर बोटं फिरतायत. दम कुठे घेतात ते मी छातीकडे बघून शोधत होतो. नाही सापडलं. शेजारच्या घरातून एक बाई दारात येऊन म्हणाली, "आज कसला रं?" आणि पायाने हलकेच ठेका धरून आत गेली.

अडलं ते पुढे, खळ्यावर. मी नेहमीसारखं म्हणालो, चार कोपऱ्यांत चार टॉप उभे करतो, तोंडं आतल्या बाजूला, म्हणजे नाचणाऱ्यांना मस्त ऐकू येईल. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी मधी. आन् माझा आवाज पोरांच्या मांगून येल?"

तारपा नाचात वाजवणारा मधे असतो आणि बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती साखळी धरतात. साखळीच्या टोकाला घोळकाठीवाला, काठीवरची घुंगरं जमिनीवर आपटून ठेका देणारा. तारप्याला पाठ दाखवायची नाही, हा नियम. मला तो श्रद्धेचा वाटला होता आणि तो तसा आहेही, पण बाबांनी मला व्यवहार सांगितला. चाल बदलली की पाय बदलतात, बाबा वळले की साखळी वळते. कोणी मोजत नाही, कोणी ओरडून सांगत नाही. आवाज जिथून येतो तिथे माणूस असतो, म्हणून हे जमतं. माझा टॉप पाठीमागून बोलायला लागला तर पोरांनी ऐकायचं कुणाचं? आणि पाठ मग कुणाला झाली?

मी खळ्याच्या कडेला बिडी ओढत बसलो. समोर शाळेची भिंत होती आणि भिंतीवर वारली चित्र. हल्ली प्रत्येक शाळेवर असतं तसं. हे चित्र लग्नाच्या घरातल्या सारवलेल्या भिंतीवरून कागदावर आलं त्यात डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे होते. त्यांनी ते जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आता ते चहाच्या कपांवर, साड्यांवर, ढाब्यांच्या पाट्यांवर आहे. मीही माझ्या पिकअपच्या दारावर रंगवून घेतलंय. मधे तारपावाला, भोवती माणसांची गुंडाळत गेलेली माळ. इतकी वर्षं मी त्याच्याकडे नक्षी म्हणून बघत होतो. साउंडचा प्लॅन म्हणून बघितलं तर सगळं सरळच होतं: आवाज मधूनच बाहेर जायचा.

मग तसंच केलं. चार छोटे टॉप, पाठीला पाठ लावून, खळ्याच्या मधोमध गुडघ्याएवढ्या लाकडी घोडीवर, तोंडं चार दिशांना बाहेर. केबल जमिनीत बोटभर चर खणून पुरली आणि वर शेणाने सारवून घेतलं. अनवाणी नाचणाऱ्यांच्या पायात वायर नको. बाबा त्या घोडीभोवती फिरत वाजवणार. आता माइक. कॉलर माइक कर्ण्याच्या तोंडाशी लावला तर आवाज दणदणीत येत होता, पण बाबा वळले आणि कर्णा टॉपसमोर आला की अशी शिट्टी सुटायची की पाड्यावरची कुत्री भुंकायची. मग माइक मागे, भोपळ्यापाशी आणला. आवाज थोडा दबका झाला, पण शिट्टी थांबली. टेप लावायला बाबांनी सक्त नकार दिला. टेप ओढताना मेण निघतं. पोरींनी सुती दोऱ्याने माइक बांधून दिला. मिक्सरवर शिट्टी मारणाऱ्या दोन जागा कापल्या आणि आवाज एवढाच ठेवला की खळ्याच्या बांधावर बसलेल्या म्हातारीला ऐकू यावा, पण मधल्या माणसाला आपलाच तारपा परका वाटू नये. हे लिहायला दोन ओळी लागल्या; करायला अख्खी दुपार गेली.

संध्याकाळी लोक यायला लागले तेव्हा हॅलोजनही काढायला लावले. डोळ्यांवर येतात म्हणून बायकांनी तक्रार केली. बांबूंवर पिवळे बल्ब तेवढे राहिले. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही. एका म्हाताऱ्याने नव्या भाताच्या राशीपुढे नारळ फोडला, कणसरीचं, म्हणजे धान्यदेवीचं, नाव घेतलं, सुरुवात झाली. पाहुण्यांपैकी एकाने दोन शब्द बोलायची इच्छा व्यक्त केली होती. ताईने त्याला जेवणाच्या रांगेत बोला म्हणून सांगितलं.

ढोलाला मी हातच लावला नाही. त्याला माइक लागत नाही, लागतो असं ज्याला वाटतं त्याने जवळ उभं राहून बघावं. पावरीवाले कोकणा जव्हारकडून आले होते. त्यांचं वाद्यही भोपळ्याचंच, मोरपिसं लावून सजवलेलं. त्यांच्यात आणि आमच्या बाबांच्यात जिभा, मेण आणि यंदा भोपळे कसे आले यावर एवढी चर्चा रंगली की कार्यक्रम थोडा मागे पडला. ती चर्चा रेकॉर्ड करायला हवी होती, असं पोरं नंतर म्हणाली.

धवलेरी चौघी होत्या. वारल्यांत लग्न धवलेरी लावते, बाईच, आणि तिच्या गाण्याशिवाय ते लागत नाही. पाहुण्यांना अर्थातच तीच गाणी हवी होती. सगळ्यात थोरल्या आजीने विचारलं, "लगीन कुनाचा हाय?" कुणाचंच नव्हतं. "मंग?" विषय संपला. त्यांनी आवणीची गाणी म्हटली. दोघी ओळ सोडायच्या, दोघी उचलायच्या. मी प्रत्येकीसमोर एक असे चार माइक मांडले होते. त्यांनी ते हाताने बाजूला सारले आणि एकमेकींकडे तोंड करून गोल बसल्या. मग एकच माइक मधे, जमिनीलगत ठेवला. खरं सांगायचं तर तोच आवाज सगळ्यात गोड आला. चार माइकवर चार बायका ऐकू आल्या असत्या, इथे गाणं ऐकू आलं.

तारपा सुरू झाला तेव्हा साखळीत आधी वीसएक जण होते, मग ती वाढतच गेली. फोटोवाले आत शिरून बाबांच्या तोंडाशी मोबाइल धरायला लागले, तर घोळकाठीवाल्याने नाचता नाचताच काठी अशी काही आपटली की दोघं उडी मारून बाहेर. थोड्या वेळाने तेच दोघं साखळीत दिसले, पाय चुकवत. बाजूची पोरगी त्यांना कंबरेला धरून ओढत होती, शिकवत वगैरे नव्हती.

मधेच माझ्या मिक्सरवरचा तारप्याचा दिवा विझला. कॉलर माइकचा सेल गेला. मी मान वर करून खळ्याकडे बघितलं. साखळी फिरतेय, चाल बदलतेय, पाय बदलतायत, एकाचीही मान हलली नाही. आतल्यांना माझी काही गरज नव्हती हे मला माझ्या मीटरवर दिसत होतं, आणि माणसाला ते जरा लागतंच. तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "ये साउंडवाला, कमी कसा झाला रं?" बांधावर म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या, गुडघ्यांमुळे नाचता न येणाऱ्या. चाल बदलताना मी आत धावत गेलो, सेल बदलला. बाबांनी वाजवणं न थांबवता भोपळा माझ्याकडे तिरका केला.

थाळीवाल्या कथेवरून आधीच वाद झाला होता. पाहुण्यांची बस दहाला सुटणार, तर कथा लवकर, वीस मिनिटांत घ्या, अशी विनंती आली होती. कथा सांगणाऱ्या काकांनी सांगितलं, कणसरी अर्ध्यावर ठेवून उठायचं नसतं. वीस मिनिटांत तर तिचं नावही नीट घेऊन होत नाही. मंडळाने काकांचं ऐकलं. बस दहाला गेली, कथा त्यानंतर सुरू झाली. पाहुण्यांपैकी तिघं बस सोडून राहिले.

थाळी म्हणजे काशाची साधी थाळी. तिच्या मधोमध मेणाने एक लांब काडी उभी चिकटवलेली, आणि काका दोन्ही हातांच्या बोटांनी ती वरून खाली सारखी ओढत राहतात. काडीचं थरथरणं थाळीत उतरतं आणि एक बारीक, न थांबणारा सूर निघतो, त्याच्यावर कथा. शेजारी एक जण ओळ उचलायला, हुंकार द्यायला. हा आवाज पकडणं हे त्या रात्रीचं सगळ्यात अवघड काम निघालं. चांगला माइक लावला तर थाळीच्या आधी जनरेटरच आला. जनरेटर बंद करून शाळेच्या लाइनीवर गेलो, तर ट्यूबलाइटच्या चोकची घूं. ट्यूब बंद केल्या. मग एका पोत्यावर माइक आडवा ठेवला, थाळीच्या काठाला जवळजवळ टेकवून, आणि हेडफोन घातले. तेव्हा कुठे नुसती थाळी आली. लोक घोंगड्या पांघरून बसले होते. मधेच कोणी झोपायचा, जागा झाला की बरोबर हुंकाराच्या जागी हुंकार द्यायचा. मला कथेतलं निम्मं कळलं. कोकणा बोली भराभर बोलली की माझा कान मागे राहतो. पण हेडफोन काढावासा वाटला नाही, आणि लग्नांत मी ते कधी एकदा काढतो असं होतं.

सकाळी हिशेब मिटले. रेकॉर्डिंग सगळं पेनड्राइव्हवर होतं आणि आता त्याचं काय करायचं यावर चहाबरोबर बैठक बसली. तारपा, ढोल, पावरी यूट्यूबवर टाकायला हरकत नाही, वाजवणाऱ्यांची आणि पाड्यांची नावं घालून. धवलेरींची गाणी त्या चौघींना विचारल्याशिवाय कुठेही नाही. कथा मंडळाच्या पेनड्राइव्हवरच राहील. ज्याला ऐकायचीय त्याने येऊन ऐकावी. माझ्या लॅपटॉपवरची कॉपी माझ्यासमोर पुसली. मोबाइलवाल्यांना कोण काय सांगणार? आठवड्याभरात एका पाहुण्याची रील आली. बाबा नाचाच्या मधोमध तारपा वाजवतायत आणि वर त्याने कुठलं तरी बासरीचं म्युझिक चिकटवलंय.

बाबांचा नातू कीबोर्ड वाजवतो, माझ्या पार्टीत हंगामी येतो. आजोबांच्या तारप्याचा लांब तुकडा पॅडवर घ्यायचा का, हे त्याने विचारलं. बाबांनी सांगितलं, घे, पण आधी एक जीभ खरवडायला शीक. तो सध्या बोटं कापून घेतोय.

जानेवारी २०२६ मध्ये वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. जव्हार तालुक्यातला नव्वदीच्या घरातला तारपावाला, जन्मभर वाजवलेला. त्या बातमीनंतर माझ्यासारख्या साउंडवाल्यालाही फोन यायला लागले: तारपावाला मिळेल का, पाहुण्यांच्या स्वागताला, दहा मिनिटं, गेटपाशी उभा राहून. मी मंडळाचा नंबर देतो. ताई आधी विचारते जागा कशी आहे, मग सांगते मानधन किती, आणि ते आधी. साउंडचे वेगळे. एका रिसॉर्टवाल्याने परत फोन केला नाही. वाड्याकडच्या एका कॉलेजने केला. त्यांचं मैदान बघायला रविवारी जायचंय, बाबाही येतायत.